नवरा कोमात आहे. त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार वकिलाशिवाय मिळवता येतो का?

ओंजळ · ११ ऑक्टोबर

मे महिन्यात माझ्या नवऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण तो शुद्धीवर आला नाही. डोळे उघडतो, मिटतो, एवढंच. गळ्यात ट्रेकिओस्टॉमीची नळी, पोटात जेवणाची नळी. न्यूरोलॉजिस्टनी कागदावर 'पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट' असं लिहून दिलंय. आता घरी आणलाय. दिवसा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, येतो, रात्री मी असते.

पैसे आहेत आणि हात लावता येत नाही, ही अडचण आहे. मुदत ठेवी त्याच्या एकट्याच्या नावावर, पगाराचं खातंही एकट्याचं. नॉमिनी मी. बँकेत गेले तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "नॉमिनीला नंतर मिळतं." नंतर म्हणजे कधी, ते दोघींनाही एकदमच कळलं आणि दोघी गप्प झालो.

गावाकडे त्याच्या नावावर एक प्लॉट आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, त्यावर कर्ज. मुलगी अकरावीत. एका वकिलांना भेटले. त्यांनी सांगितलेली फी मला परवडणार नाही. मी बायको आहे, एकोणीस वर्षांचा संसार आहे, तरी माझी सही का चालत नाही? कुठलं कोर्ट? फॉर्म असतो का? स्वतः उभं राहता येतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

पारवा · ११ ऑक्टोबर

ताई, वाचून गलबलून आलं. कायद्यातलं मला काही कळत नाही. धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

पायवाट · ११ ऑक्टोबर

मी बँकेत आहे. त्या मॅडमची बाजू घेत नाही, पण नियम सांगते.

नॉमिनेशन फक्त खातेदाराच्या मृत्यूनंतर लागू होतं. आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे: सही जमत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. आम्ही घरी, दवाखान्यात जाऊन असे अंगठे घेतलेत. पण तिथे माणसाला आपण काय करतोय ते कळत असतं. तुमच्या बाबतीत ते नाही. म्हणून आधीच सांगते, कुणीही जवळच्या माणसाने "झोपेत अंगठा टेकवून घे" असं सुचवलं तरी करू नका. ती त्यांची संमती होत नाही, आणि उद्या सासरच्या कुणी तक्रार केली तर सगळं तुमच्यावर शेकेल.

मुखत्यारपत्र आधी केलेलं असेल तर तेही आता उपयोगाचं नाही. करार कायदा १८७२, कलम २०१: मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. आपल्याकडे समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र नाही.

ओंजळ · ११ ऑक्टोबर

अंगठ्याचं खरंच सुचवलं होतं, दोघातिघांनी. मी केलं नाही. पण एक खरं सांगते. मे महिन्यापासून मी त्याचं एटीएम कार्ड वापरतेय. पिन मला माहीत होता, तो नेहमी मलाच पैसे काढायला सांगायचा. औषधं, नर्स, मुलीची फी, सगळं त्यातूनच गेलं. आता ते खातं संपत आलंय. हे कोर्टात सांगावं की लपवावं? रात्र रात्र हेच डोक्यात असतं.

तिसरीघंटा · १२ ऑक्टोबर

मी वकिली करते. सांगावं. सगळं सांगावं, तारीखवार. स्टेटमेंट काढा, प्रत्येक रकमेपुढे कशासाठी ते लिहा, बिलं लावा. बिल नसेल तिथे "बिल नाही" असं लिहा. कोर्टाला संशय येतो तो लपवलेल्या गोष्टीचा. नवऱ्याच्या पैशांतून नवऱ्याचं डायपर आणलं म्हणून कुणी तुम्हाला धारेवर धरणार नाही. याचिकेत हे आधीच नसेल आणि सुनावणीत निघालं, तर मात्र पुढच्या प्रत्येक वाक्यावर प्रश्न येतील.

कागदवेडा · १२ ऑक्टोबर

कोर्टाच्या फायलिंग विभागात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्यासाठी तयार फॉर्म नाही, कारण तुमच्यासाठी कायदाच नाही. गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट १८९० अज्ञान, म्हणजे वयाने लहान मुलांसाठी. जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात, १९८७ च्या, मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. त्याच्या जागी आलेला २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' आहे, पण तो उपचारांपुरता; पैशांचं काही नाही. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ चा, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते, पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम १४, त्यात 'मर्यादित पालकत्व' आहे, म्हणजे दोघांनी मिळून निर्णय घेणं. ज्याला काही सांगताच येत नाही त्याच्याशी मिळून कसं ठरवणार?

ही फट उच्च न्यायालयं राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली भरून काढतात. ज्याला स्वतःचं पाहता येत नाही त्याचं पालकत्व शेवटी राज्याकडे आणि न्यायालयाकडे, असं ते तत्त्व. केरळ उच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०१९ ला कोमातल्या रुग्णांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २७ ऑगस्ट २०२० ला (न्या. उज्जल भुयान, न्या. मिलिंद जाधव) एका पत्नीला कोमासारख्या अवस्थेतल्या पतीची पालक नेमलं. तो निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे. उतरवून घ्या, दोनदा वाचा. तुमचा अर्धा मसुदा त्यातच आहे.

म्हणजे जिल्हा न्यायालय नाही, थेट उच्च न्यायालय, रिट याचिका (अनुच्छेद २२६ खालची याचिका). तुमचा जिल्हा कुठल्या खंडपीठाखाली येतो ते बघा: मुंबई, नागपूर, औरंगाबाद. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे.

तिसरीघंटा · १२ ऑक्टोबर

कागदवेडांना दुजोरा. "दिवाणी न्यायालयात जा" असं कुणी म्हणालं तर मद्रास उच्च न्यायालयाचं २०२४ चं प्रकरण लक्षात ठेवा. एकल न्यायाधीशांनी पत्नीला तसंच सांगून याचिका फेटाळली होती. तिथल्याच दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला, तिला पालक नेमलं, मालमत्ता विकायलाही परवानगी दिली. मात्र त्यातले ५० लाख पतीच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायला लावले.

आता स्वतः उभं राहण्याबद्दल. हक्क आहे, कारण याचिकाकर्त्या तुम्हीच. पण मुंबई उच्च न्यायालयाचे पार्टी-इन-पर्सनसाठी, म्हणजे वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडणाऱ्यांसाठी, २०१५ चे नियम आहेत. वकील का नेमू शकत नाही याचा अर्ज द्यावा लागतो. कोर्टाने वकील दिला तर घ्याल का, तेही लिहायचं. मग रजिस्ट्रीच्या, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयाच्या, अधिकाऱ्यांची समिती तुमच्याशी बोलते आणि तुम्ही बाजू मांडू शकाल का ते ठरवते. शिस्त पाळण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. कामकाज इंग्रजीत असतं, मराठी कागदांचं भाषांतर लागतं.

आणि माझं कळकळीचं सांगणं: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. उच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती असते. १५१०० वर फोन करा. "वकिलाशिवाय" आणि "वकिलाच्या फीशिवाय" यात फरक आहे ताई. तुम्हाला दुसरं हवंय असं मला वाटतं.

ओंजळ · १२ ऑक्टोबर

मोफत वकील नीट लक्ष देतील का? एवढ्याच भीतीने मी स्वतः करायचं म्हणत होते.

निळाई · १३ ऑक्टोबर

मी माझ्या नवऱ्यासाठी तीन वर्षांपूर्वी केलं, विधी सेवा समितीच्या वकिलांकडून. अनुभव सांगते. पहिले वकील फोन उचलायचे नाहीत. मी समितीकडे लेखी अर्ज दिला, बदलून मिळाले. दुसऱ्या मॅडम तरुण होत्या, मन लावून काम केलं. पण कागद मीच जमवले, तारखांची यादी मीच केली. माझ्या दवाखान्याची, माझ्या घराची माहिती मला जेवढी, तेवढी कुणाला असणार? वकील असला तरी ऐंशी टक्के काम आपलंच असतं, हे मनाशी धरून चाला.

मेडिकल सर्टिफिकेट एका डॉक्टरचं पुरत नाही. कोर्ट मेडिकल बोर्ड नेमतं, त्यात न्यूरोलॉजिस्ट असतोच. तहसीलदार दर्जाच्या अधिकाऱ्याची घरभेट होते. आमच्याकडे आले तेव्हा मी घर आवरत बसले होते, जसा पाहुणा येणार. त्यांना बघायचं होतं ते वेगळंच: पेशंटची पाठ. बेडसोर आहेत का, कुशी कोण बदलतं, किती वेळाने. ते पाहून गेल्यावर मला एकटीला खूप रडू आलं, कारण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्या पाठीकडे बघितलं होतं.

उंबरठा · १३ ऑक्टोबर

हे लिहू की नको असा विचार करत होते. मी दुसऱ्या बाजूची आहे. माझा भाऊ असाच दोन वर्षं होता. वहिनीने अधिकार मिळवले, आम्हाला काही कळवलं नाही, जागा विकली आणि भावाला सरकारी दवाखान्यात ठेवलं. आई शेवटपर्यंत "माझ्या लेकाचं काय केलं" म्हणत गेली. ओंजळ, तुम्ही तशा नाही हे दिसतंय. पण कोर्ट इतके प्रश्न विचारतं ते आमच्यासारख्यांमुळेही. सासरच्यांना आधी सांगा. नोटीस घरी येऊन कळू देऊ नका.

ओंजळ · १३ ऑक्टोबर

उंबरठा, तुमचं वाचून आधी राग आला, खोटं बोलत नाही. मग वाटलं, माझ्या नणंदेला असंच वाटत असेल. ती फोनवर दर वेळी "पैशांचं काय चाललंय" विचारते आणि मला तो टोमणा वाटतो.

तिसरीघंटा · १३ ऑक्टोबर

उंबरठांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनेही पक्का आहे. केरळच्या सूचनांत आहे, पुढे जे वारस ठरतील त्या सगळ्यांना याचिकेत पक्षकार करायचं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार विवाहित पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलं आणि आई. वडील दुसऱ्या वर्गात येतात. लोक आईला विसरतात. ओंजळ, सासूबाई आहेत का?

ओंजळ · १३ ऑक्टोबर

आहेत. ७४ वर्षांच्या. गावी असतात. त्यांना अजून वाटतं तो बरा होऊन येणार.

पायवाट · १४ ऑक्टोबर

एक बँकेच्या बाजूने. आदेशात नुसतं "पत्नीला पालक नेमलं" असेल तर आमची शाखा तो विधी विभागाकडे पाठवते आणि महिने जातात. याचिकेच्या विनंतीतच प्रत्येक खातं, प्रत्येक ठेव पावती, प्लॉटचा गट नंबर, विमा पॉलिसी, डीमॅट, सगळं क्रमांकासकट लिहा. आणि काय करू द्यायचं तेही: ठेव मुदतीआधी मोडणं, व्याज काढणं, खातं चालवणं, विम्याचा दावा करणं. पालक आदेशात लिहिलंय तेवढंच करू शकतो. ठेवी कुठल्या बँकेत आहेत ते आठवत नसेल तर त्यांचं आयकराचं फॉर्म २६एएस बघा, व्याजावर कापलेला कर दिसतो.

प्लॉट लगेच विकायचा नसेल तर विक्रीची परवानगी आत्ता मागू नका, असं माझं मत. गरज लागेल तेव्हा वेगळा अर्ज करता येतो.

अर्धविराम · १५ ऑक्टोबर

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या पत्नीला डिमेन्शिया आहे. कोमा नाही. कधी मला ओळखते, कधी "तुम्ही कोण" विचारते. सही करते पण दर वेळी वेगळी. हाच मार्ग का?

तिसरीघंटा · १५ ऑक्टोबर

दादा, डिमेन्शियातही उच्च न्यायालयांनी पालक नेमले आहेत. पण तुमच्याकडे एक जास्तीची जबाबदारी आहे: त्यांना अजून काही सांगता येतं. २०१६ च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व तुमच्यासाठी विचार करण्यासारखं आहे, ते जिल्हा पातळीवर होतं. त्यांना कळतंय तोपर्यंत त्यांना विचारून घ्या, काय हवंय, कुणावर विश्वास आहे. न्यूरोलॉजिस्टकडून समजशक्तीची तपासणी लेखी करून ठेवा, आणि त्या ज्या दिवशी नीट असतात तेव्हा संयुक्त खात्याचं बोलून बघा. मोफत वकील पुरुषाला आपोआप मिळत नाही, उत्पन्नाच्या अटीत बसावं लागतं. पण पत्नी स्वतः दिव्यांग म्हणून पात्र ठरतात, तेही विचारा.

कागदवेडा · १६ ऑक्टोबर

सरकारी नोकरीतल्यांसाठी एक, कुणी वाचत असेल तर. सेवेत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणसाला कमी करता येत नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम २०. योग्य पद नसेल तर निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जास्तीच्या, पदावर ठेवायचं. घाबरून राजीनाम्याच्या कागदावर सही करणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

ओंजळ · २३ नोव्हेंबर

बरेच दिवसांनी येतेय. विधी सेवा समितीकडे अर्ज केला, वकील मिळाल्या. तिसरीघंटा, तुम्ही बरोबर होतात. पण मसुदा मी आणि लेकीने मिळून केला. २०२० चा निकाल समोर ठेवून तिने तारखांची यादी इंग्रजीत टाइप केली. १४ मे लिहिताना तिचा हात थांबला. मी म्हटलं राहू दे, मी करते. म्हणाली, नको, मीच करते.

सासूबाईंकडे गेले होते. नणंदेलाही बोलावून घेतलं. स्टेटमेंटच्या सगळ्या झेरॉक्स समोर ठेवल्या, एटीएमचे पैसेसुद्धा. नणंदेने एकेक पान वाचलं. दोन तास लागले. शेवटी तिने एवढंच विचारलं, "रात्री तू एकटीच असतेस?" पुढच्या शनिवारपासून ती येतेय, दोन रात्री माझ्या.

सासूबाईंच्या ना-हरकत प्रतिज्ञापत्राचं मराठीत वाचन नोटरीसमोर झालं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यात तो गेला असं तर कुठे लिहिलं नाही ना?" नोटरींनी चष्मा काढला, परत पहिल्यापासून वाचून दाखवलं. मग त्यांनी अंगठा दिला.

पारवा · २३ नोव्हेंबर

ताई, रोज बघत होतो धागा वर आलाय का. बरं वाटलं.

उंबरठा · २४ नोव्हेंबर

आमच्या घरी कुणी असं पानं समोर ठेवली असती तर. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

ओंजळ · १९ जानेवारी

याचिका दाखल झाली. ऑफिस ऑब्जेक्शन दोनदा निघाली: पान क्रमांक चुकले, एका मराठी कागदाचं भाषांतर राहिलं. दुसऱ्या तारखेला कोर्टाने मेडिकल बोर्डाचा आदेश दिला. सिव्हिल हॉस्पिटलचे डॉक्टर घरीच आले, ॲम्ब्युलन्सने हलवण्याची गरज पडली नाही. त्यासाठी आमच्या मॅडमनी आधीच विनंती घातली होती. ज्यांचा पेशंट घरी आहे त्यांनी ही विनंती विसरू नका.

तहसील कार्यालयातून माणसं आली. निळाई, मी घर आवरलं नाही. चादर बदलली आणि पोझिशन चार्ट काढून ठेवला. दर दोन तासांनी कूस, तारीख-वेळ-सही. ब्रदरने पहिल्या दिवसापासून ठेवलेला तो चार्ट त्यांनी फोटो काढून नेला.

निळाई · १९ जानेवारी

शाब्बास गं.

ओंजळ · १२ मार्च

आदेश झाला. मला पालक नेमलं. ठेवी आणि खातं क्रमांकासकट आदेशात आहेत, विम्याचा दावाही. प्लॉट मागितलाच नव्हता. पैसे त्याच्या उपचारावर आणि घरखर्चावर, हिशोब ठेवायचा. विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक दर तीन महिन्यांनी घरी येऊन अहवाल देणार.

मी कोर्टात गेले होते. न्यायमूर्तींनी मॅडमना नाही, मला विचारलं, "आता कसे आहेत?" मला उत्तर सुचलं नाही. "सर, तसेच आहेत" एवढंच म्हणाले.

पायवाट · १२ मार्च

अभिनंदन म्हणवत नाही, पण फार बरं झालं. बँकेत प्रमाणित प्रत न्या, झेरॉक्स नाही. तीनचार प्रती काढून ठेवा. तुमचं केवायसी पालक म्हणून वेगळं होईल. आणि त्यांचं एटीएम कार्ड आता जमा करा.

अर्धविराम · १४ मार्च

ओंजळताई, तुम्ही मालमत्तेची यादी कशी मांडली होती ते सांगाल का? मी अजून तिथेच अडकलोय. पत्नी परवा बराच वेळ छान बोलली. कुणावर विश्वास आहे विचारलं तर आमच्या मोठ्या सुनेचं नाव घेतलं, माझं नाही. लिहून ठेवलंय.

ओंजळ · १४ मार्च

पाठवते दादा. पाच रकाने केले होते: वस्तू, क्रमांक, कुणाच्या नावावर, आजची स्थिती, कागद कुठे आहे. पाचवा रकाना आधी भरा, बाकीचे त्यातून भरत जातात. कार्ड सोमवारी बँकेत देऊन येते. आणि सुनेचं नाव अर्जात घाला, त्यांनी सांगितलंय म्हणून.